धाकट्या भावाचे लग्न आणि आम्ही तिघी बहिणी

मधली

आम्ही चार भावंडे आहोत. तिघी बहिणी आणि शेवटचा भाऊ. मी दुसरी. आई गेली तेव्हा भाऊ ९ वर्षांचा होता आणि ताई १९ वर्षांची. वडील होते, पण आईनंतर ते घरात असूनही नसल्यासारखेच झाले. भावाची शाळा, त्याची आजारपणे, त्याच्या परीक्षा, त्याचे रुसवे हे सगळे ताईकडे आले, ते कोणी तिच्यावर सोपवले म्हणून नव्हे, तर दुसरे कोणी पुढे झाले नाही म्हणून. ताईने लग्न केले नाही. भावामुळे केले नाही असे ती कधीही म्हणालेली नाही, पण आम्ही सर्वांनी तसे धरून चाललो आहोत, आणि माझ्या मते भावानेही.

गेल्या वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, भावाने लग्न केले. भावजय ३४ वर्षांची आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, कमी बोलते. या लग्नाला आमचा विरोध नव्हता. उलट ‘आता तरी कर’ म्हणून मागे लागलेल्या आम्हीच होतो. तरीही वर्षभरात काहीतरी बिनसले आहे, आणि काय बिनसले ते मला तीन प्रसंगांतूनच सांगता येईल.

पहिला प्रसंग फोनचा. गेली कित्येक वर्षे आम्ही चौघे रोज रात्री साडेनऊला एकत्र फोनवर बोलत आलो आहोत. लग्नानंतर भाऊ आधी उशिरा येऊ लागला, मग एक दिवसाआड, आणि आता आठवड्यातून एकदा येतो आणि पाच मिनिटांत जातो. दुसरा प्रसंग किल्लीचा. भावाच्या घराची एक किल्ली ताईकडे पहिल्यापासून आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी ताई नेहमीसारखी दार उघडून आत गेली, तेव्हा भावजय घरात एकटीच होती. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही. ‘ताई, पुढच्या वेळी येण्याआधी फोन कराल का?’ एवढेच म्हणाली. ताई त्यानंतर त्या घरी गेलेली नाही.

तिसरा प्रसंग मात्र मी क्षुल्लक म्हणू शकत नाही. तीन महिन्यांपूर्वी भावाला रात्री पोटात असह्य दुखू लागले आणि पहाटे त्याच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले, तेही संदेशाने. भाऊ ११ वर्षांचा असताना पेनिसिलीनच्या इंजेक्शनानंतर त्याच्या अंगभर पुरळ उठले होते. हे त्याला आठवत नाही, भावजयीला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि रुग्णालयाच्या अर्जावर ‘औषधांची ॲलर्जी’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले गेले. काही झाले नाही, हे नशीब. ताई त्या रात्री मला म्हणाली, ‘मी त्याला वाढवलं आणि मला संध्याकाळी कळतं.’

आमची धाकटी म्हणते की भावजय त्याला आमच्यापासून तोडते आहे. ताई काहीच म्हणत नाही, आणि तिचे हे न बोलणे धाकटीच्या बोलण्याहून मला जास्त जड जाते. नवे माणूस आले की जुन्यांनी थोडे मागे सरावे हे मला मान्य आहे. किती सरायचे आणि ते कोणी ठरवायचे, हे मात्र कळत नाही. आपली मते कळवावीत.

अर्धविराम

तुमचे लेखन दोनदा वाचले. ताई काय म्हणाल्या ते त्यात आहे, भावजय काय म्हणाली ते आहे, धाकट्या बहिणीचा निष्कर्ष आहे. भावाच्या तोंडचे मात्र एकही वाक्य नाही. ज्याच्यावरून एवढे रामायण घडते आहे तो छत्तिशीचा माणूस या हकिकतीत एखाद्या सामानासारखा इकडून तिकडे हलतो आहे. फोन कमी करणे, किल्ली, अर्जावरचा रकाना या प्रत्येक ठिकाणी तुम्ही कर्ता म्हणून भावजयीला धरले आहे, आणि त्याला पुरावा म्हणून तुमच्याकडे तिचे एकच वाक्य आहे, तेही सभ्य. भावाला एकट्याला गाठून कोणी काही विचारले आहे का?

सहोदर

इथे लगेच बहिणींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई दिसते, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. आईवडील आपल्या आयुष्यातून अर्ध्यावर निघून जातात, जोडीदार अर्ध्यावर येतो. जवळजवळ सुरुवातीपासून अखेरपर्यंत सोबत असते ती भावंडांचीच. आपण ९ वर्षांचे असताना कसे होतो हे पाहिलेली माणसे जगात चार-दोनच असतात. एका समारंभाने त्या नात्याचा क्रमांक खाली जावा आणि त्याबद्दल वाईट वाटले तर वर ‘पझेसिव्ह’ हा शिक्का बसावा, हा न्याय मला पटत नाही.

दुसरे असे की जोडीदार माणसाला खरोखरच एकटे पाडू शकतो, आणि तसे घडत असेल तर त्याच्या खुणा असतात. फोन तपासला जातो, पैशांचा हिशेब मागितला जातो, नातेवाइकांना एकट्याने भेटू दिले जात नाही, प्रत्येक भेटीनंतर घरी भांडणाची किंमत मोजावी लागते. असे सातत्याने धाकात ठेवणे इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवले गेले, इतके ते गंभीर मानले जाते. तुमच्या हकिकतीत यांपैकी एकही खूण मला दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण प्रश्न विचारणाऱ्या बहिणीने आधी या खुणा पाहाव्यात, आणि त्या नसतील तर धाकटीच्या ‘तोडते आहे’ या शब्दाला आवर घालावा.

नवी_जुनी

१४ वर्षांपूर्वी मी तुमच्या भावजयीच्या जागी होते. नवऱ्याला दोन मोठ्या बहिणी आणि एक भाऊ. कोणीही माझ्याशी वाईट वागले नाही, म्हणूनच मला काय सलते आहे ते सांगायला शब्द मिळायला फार वर्षे लागली.

घट्ट भावंडांना स्वतःची अशी एक भाषा असते आणि ती आपल्याजवळ आहे हे त्यांना माहीतही नसते. कोणीतरी ‘निळी छत्री’ म्हणे आणि चौघे पाच मिनिटे हसत. मी विचारले की त्यांच्यापैकी एक जण प्रेमाने मला ती गोष्ट समजावून सांगे, आणि समजावून सांगितलेल्या विनोदावर मी हसत असे. हे वर्षातून एकदा झाले तर गंमत आहे. रोज झाले की आपण या घरात पाहुणे आहोत असे वाटू लागते. त्याहून जास्त टोचत असे ते कौतुक. ‘आमच्या भावाला छान सांभाळतेस हो,’ असे मोठ्या नणंदबाई मनापासून म्हणत, आणि मला वाटे की माझी कोणीतरी नेमणूक केली आहे आणि परीक्षेचा काळ समाधानकारक चालला आहे.

किल्ली त्यांच्याकडे असण्याला माझी हरकत नव्हती. अडीअडचणीला असावीच. माझी हरकत होती ती आपण केस मोकळे सोडून, कशाचीही फिकीर न करता बसलेलो असताना कुलपात किल्ली फिरल्याचा जो आवाज येतो, त्याला. तुमच्या भावजयीने फक्त आधी फोन करा असे म्हटले आहे. किल्ली परत मागितलेली नाही. हा फरक तुम्ही लक्षात घेतला आहे का?

आता माझे दोष. मी घड्याळ लावून फोन मोजत असे. एक फोन ४७ मिनिटांचा होता आणि १४ वर्षांनंतरही तो आकडा मी विसरलेले नाही, यावरून माझ्या मनाची अवस्था ओळखावी. ‘तुला त्या जवळच्या की मी?’ हा प्रश्न मी तोंडाने कधी विचारला नाही, पण चेहऱ्याने रोज विचारला. म्हणजे ताबा सांगणाऱ्या फक्त बहिणीच होत्या असे नाही.

मधली

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग माझेच लेखन पुन्हा वाचले. तुमचे म्हणणे खरे आहे. भावाला कोणीही विचारलेले नाही. ताई विचारणार नाही, धाकटी विचारण्याऐवजी सुनावेल, आणि मी दोघींमध्ये निरोप पोहोचवत राहिले.

एक गोष्ट मी लपवली होती, ती सांगते. लग्नानंतर आम्ही भावजयीला आमच्या चौघांच्या गटात घेतले. महिन्याभरात धाकटीने आम्हा चौघांचाच दुसरा गट काढला, ‘जुन्या आठवणींसाठी’ म्हणून. पहिल्या गटात शुभेच्छा आणि छायाचित्रे येत आणि खरे बोलणे दुसऱ्या गटात होई. भाऊ दोन्हींत होता. त्या दुसऱ्या गटात भावजयीविषयीही बोलले जाई. वाईट नव्हे, पण बोलले जाई. एके दिवशी भाऊ काहीही न लिहिता तिथून बाहेर पडला. ही शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधीची गोष्ट आहे. मूळ लेखनात हे लिहिले नाही, कारण लिहिले असते तर माझा प्रश्न इतका साळसूद राहिला नसता.

निरोप्या

मी असाच एक भाऊ आहे, म्हणून तुमच्या भावाच्या वतीने नव्हे, पण त्याच्या खुर्चीतून बोलतो.

मला चार बहिणी. त्यांच्या रोजच्या विचारपुशीचा मला लग्नाच्या पुष्कळ आधीपासून कंटाळा आला होता, पण ज्यांनी आपल्यासाठी एवढे केले त्यांना ‘आज नको’ म्हणणे मला कृतघ्नपणाचे वाटे. मग लग्न झाले आणि मला आयतेच कारण मिळाले. ‘तिला लवकर झोपायचं असतं’, ‘तिचं डोकं दुखतंय’, ‘तिला विचारून सांगतो’. माझ्या अनिच्छेला बायकोचे नाव मिळाले. त्याच वेळी घरात बायकोला मी सांगत असे, ‘ताईला वाईट वाटेल’, ‘एवढ्या वेळी जाऊन येऊ’. म्हणजे जे मला स्वतःला नको होते ते बायकोच्या नावावर आणि जे मला स्वतःला हवे होते ते ताईच्या नावावर मी खपवत होतो. दोघींची आपसांत गाठ पडली असती तर माझे बिंग एका दुपारी फुटले असते, म्हणून त्यांची गाठ मोकळेपणाने पडू नये याची व्यवस्थाही नकळत मीच केली.

पाच वर्षे बहिणी बायकोला कजाग समजत राहिल्या आणि बायको बहिणींना दुराग्रही. मला सगळे ‘बिचारा, दोघांमध्ये पिळून निघतो आहे’ असे म्हणत, आणि मलाही ते खरे वाटू लागले होते. पिळून निघत होत्या त्या दोघी. माझ्या एका ‘नाही’ची किंमत त्या दोघींनी पाच वर्षे भरली.

तुमचा भाऊ असाच असेल असे नाही. पण त्याला विचाराल तेव्हा भावजयीविषयी विचारू नका. ‘तुला रोज फोन हवा आहे का?’ असे विचारा, आणि उत्तर नकारार्थी आले तर ते तुम्हाला ऐकवेल का, हे आधी स्वतःला विचारा.

समुपदेशक_२२

मी कुटुंबांबरोबर समुपदेशनाचे काम करते. निरोप्या यांनी जे सांगितले त्याला आमच्या क्षेत्रात एक साधे नाव आहे: त्रिकोण. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात राहायला बोलावून कुटुंबांचे निरीक्षण केले होते. त्यांचे म्हणणे असे की दोन माणसांतला ताण वाढला की तो पेलण्यासाठी ती दोघे तिसऱ्याला आत ओढतात. ताई आणि भाऊ यांच्यात न बोलला गेलेला काही ताण आहे, आणि तो भावजयीच्या अंगावर उतरला आहे. ती नसती तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर उतरला असता. दुसरा गट हा त्या त्रिकोणाचा जवळजवळ नकाशाच म्हणावा लागेल.

अर्जेंटिनात जन्मलेले साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबातल्या सीमारेषांचा विचार मांडला. काही घरांत त्या इतक्या पुसट असतात की एकाला ठेच लागली की दुसऱ्याच्या पायातून कळ जाते, आणि एकाने वेगळे काही करायचे ठरवले की इतरांना तो विश्वासघात वाटतो. काही घरांत उलट, त्या भिंतीसारख्या होतात. गंमत अशी की पहिल्या प्रकारच्या घरातला माणूस सुटका करून घ्यायला निघतो तेव्हा बहुधा एकदम दुसऱ्या टोकाला जातो. तुमच्या भावाने गट सोडला, पण का सोडला ते सांगितले नाही. बोवेन अशा तुटकपणाला स्वातंत्र्य मानत नसत. त्यांच्या मते नाते तितकेच घट्ट असते, फक्त माणूस लांब पळून ते सांभाळत असतो.

पण मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते ताईंविषयी. मोठे भावंड आईबापांच्या जागी उभे राहते तेव्हा त्याला ‘पालक झालेले मूल’ म्हणतात. हंगेरीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोझोर्मेनी-नाझ यांनी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या न लिहिलेल्या हिशेबवहीची कल्पना मांडली: कोणी कोणासाठी काय सोसले, आणि त्याची परतफेड कोणाकडून व्हायची. तुमच्या घरातल्या त्या वहीत १९ वर्षांच्या एका मुलीच्या नावावर फार मोठी जमा आहे. ती तिने कधी मागितली नाही, पण तुम्ही बाकीच्या तिघांनी ती मनातल्या मनात मांडून ठेवली आहे. ‘त्याच्यामुळे लग्न केले नाही असे ती म्हणालेली नाही, पण आम्ही धरून चाललो आहोत’ हे तुमचेच वाक्य आहे. खरे कारण काय होते हे तिला कोणी विचारले आहे का? कदाचित तिला लग्न करायचेच नसेल. तसे असेल तर तुमच्या भावाने २७ वर्षे नसलेल्या कर्जाचे ओझे वाहिले आहे.

आईबापांना मुलाच्या लग्नात निदान एक जागा असते, मान असतो, निरोप देण्याची मुभा असते. आईचे काम केलेल्या बहिणीला यांपैकी काही मिळत नाही. लग्नाच्या दिवशी ती इतर बहिणींसारखीच एक बहीण असते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ‘हक्क गाजवणारी नणंद’ ठरू शकते. तिचे काम संपले असे तिला कोणी सांगितलेले नसते आणि ते काम होते असे कोणी मान्यही केलेले नसते. बाहेरून जी मालकी दिसते, ती पुष्कळदा आतून बेकारी असते. अर्थात, यामुळे न विचारता कुलूप उघडणे योग्य ठरत नाही. भूमिका गेल्याचे दुःख खरे असू शकते आणि त्यापायी केलेले वागणे चुकीचे असू शकते.

सहोदर

सिद्धांत आदरणीय आहेत, पण प्रत्येक मायेला एक तांत्रिक नाव देऊन टाकले की माया तेवढी निसटते. आपल्या भाषेत ‘हक्काचे माणूस’ हा शब्द आहे. तो वाईट अर्थाने वापरला जात नाही. ज्याच्याकडे मध्यरात्री संकोच न करता जाता येते ते हक्काचे माणूस. जिथे प्रेम आहे तिथे थोडा हक्क असणारच.

अर्धविराम

‘हक्काचे माणूस’ हा शब्द नीट पाहा. मध्यरात्री ज्याला मदत हवी, तो ज्याच्याकडे जातो त्याला हक्काचे म्हणतो. म्हणजे हक्क दार ठोठावणाऱ्याचा आहे. ‘तू मध्यरात्री माझ्याकडेच का आला नाहीस?’ असा जाब विचारण्याचा हक्क त्या शब्दात नाही.

बालवैद्य

विषयाला थोडे सोडून, पण जीवाशी संबंधित असल्यामुळे लिहितो. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचे सुमारे १०% लोक सांगतात, आणि तपासणी केल्यावर त्यांतल्या सुमारे ९०% लोकांना ती नसल्याचे आढळते. लहानपणी तापात उठलेले पुरळ अनेकदा मूळ विषाणूचे असते आणि दोष औषधाला जातो. ज्यांना खरोखर ॲलर्जी होती त्यांच्यापैकीही सुमारे ८०% जणांची संवेदनशीलता १० वर्षांत निघून जाते. त्यामुळे ताईंची आठवण अतिशय मोलाची आहे, ती डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच हवी होती, आणि २५ वर्षांनंतर ती तपासूनही घ्यायला हवी. तपासणी होईपर्यंत मात्र अर्जावर ‘आहे’ असेच लिहावे. आणि हे भावाने स्वतः पाठ करून ठेवावे. त्याच्या शरीराची माहिती बहिणीकडे आहे की बायकोकडे, यावर त्याचा जीव अवलंबून राहू नये.

नवी_जुनी

डॉक्टरांचे शेवटचे वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘माझा रक्तगट कोणता गं?’

मधली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मधल्या काळात तुमचे सर्व प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. धाकटीलाही दाखवले, त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी भावाला एकट्याला भेटले. निरोप्या यांनी सुचवलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो बराच वेळ खाली बघत होता आणि मग म्हणाला, ‘रोजचा फोन मला नोकरी लागल्यापासून नको होता.’ म्हणजे बारा वर्षांपूर्वीपासून. किल्लीविषयी विचारले, तर ताईला फोन करून यायला सांगावे असे त्यालाच वाटत होते, पण त्याच्याने बोलवत नव्हते, म्हणून त्याने बायकोला ‘तूच सांग ना’ असे म्हटले होते. तिने ते सांगितले आणि वाईटपणा घेतला.

आणि रुग्णालयाची रात्र. पहाटे दोन वाजता ताईला फोन करू या असे भावजय त्याला दोनदा म्हणाली होती. नको म्हणाला तो. ‘ताई रात्रभर बसून राहिली असती, आणि मग ती बसून राहिली हे मी आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं,’ असे त्याचे शब्द आहेत. संध्याकाळचा तो संदेशही त्याच्या फोनवरून भावजयीनेच पाठवला होता, त्याला न विचारता, कारण आणखी उशीर करणे तिला बरे वाटेना. ज्या संदेशावरून आम्ही तिला तीन महिने दोष दिला तो तिच्यामुळेच आला होता.

हे सगळे ताईला सांगावे की नाही, यावर मी चार दिवस घालवले. पुन्हा निरोप्याचेच काम करते आहे असे वाटत होते. शेवटी भावाला म्हटले की हे तूच तिला सांग, मी सोबतही येणार नाही. तो गेला. काय बोलणे झाले ते त्याने थोडक्यात सांगितले. ताई रडली नाही. ‘म्हणजे माझ्याशी खरं बोलायची तुला भीती वाटते,’ एवढेच ती म्हणाली, आणि त्याला त्यावर ‘नाही’ म्हणता आले नाही. लग्नाविषयीही त्याने विचारले. ती म्हणाली की एक स्थळ तिला आवडले होते, पण ते आई जायच्या आधीचे, आणि पुढे तिला कधी एकटे राहण्याचे दुःख झाले नाही. दुःख झाले ते सगळे आपल्याकडे दयेने बघतात याचे. समुपदेशक_२२, तुमचा अंदाज अर्धा खरा ठरला. माझाही अर्धाच खोटा ठरला, असे म्हणते.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. भाऊ बायकोवर पांघरूण घालतो आहे, असे धाकटीचे अजूनही मत आहे. ‘जुन्या आठवणींचा’ गट मी सोडला, ताईने सोडला, त्यामुळे आता त्यात ती एकटीच आहे आणि तिने तो बंदही केलेला नाही. फोन आठवड्यातून एकदा, रविवारी ठरला. तीनपैकी दोन रविवारी भाऊ आला, आणि तिसऱ्या रविवारी ‘आज कंटाळा आलाय’ असा त्याचा संदेश आला. त्यात बायकोचे नाव नव्हते. किल्ली ताईकडेच आहे. तिने ती दिलेली नाही आणि कोणी मागितलेलीही नाही.

गेल्या गुरुवारी ताईने भावजयीला हाताने लिहिलेली साडेतीन पाने पाठवली. मी ती पाहिली आहेत. वर ना मायना, ना खाली आशीर्वाद. भावाच्या जन्मापासूनची आजारपणे, वर्षानुसार: गोवर, डाव्या मनगटाचे हाड, झोपेत चालायचा ते दोन महिने, पेनिसिलीन आणि पुरळ, कोणत्या डॉक्टरांनी काय दिले, कशाने उतार पडला. बालवैद्य यांची सूचनाही तिने खाली स्वतःच्या शब्दांत लिहिली होती, ‘तपासून घ्यावे’ अशी.

शनिवारी भावजयीचा ताईला फोन आला. झोपेत चालायचा तेव्हा तुम्ही त्याला उठवत होतात की तसेच परत नेऊन झोपवत होतात, असे तिने विचारले, कारण शस्त्रक्रियेनंतर तो दोनदा असा उठला होता आणि तिने हे कोणालाच सांगितले नव्हते. एवढे मला ताईकडून कळले. फोन चाळीस मिनिटे चालला. पुढे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, आणि मी दोघींपैकी कोणालाही विचारलेले नाही.